काय ते गं

१

वल्लरीच्या मते टाकाऊ वस्तू अशी नसतेच, टाकणारी माणसं असतात. हे वाक्य तिने इतक्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की तिचा भाऊ अभिजीत तिला पाहिलं की हातातला रिकामा चहाचा कपसुद्धा मागे लपवायचा. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, इलेक्ट्रॉनिक सिटीतली बरी नोकरी, आणि एके दिवशी राजीनामा. का, तर तिची कंपनी चालू स्थितीतले मॉनिटर भंगारात काढत होती आणि त्याला कुणालाच काही वाटत नव्हतं. आता ती जे. पी. नगरमध्ये घरोघरी फिरून लोकांच्या बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करत होती. मिक्सर, रेडिओ, इस्त्र्या. पण तिचा जीव रमायचा तो जुन्या रंगीत टीव्हीत. जाड काचेची पिक्चर ट्यूब असलेला, दोघांनी मिळून उचलायचा टीव्ही.

अभिजीतला तेच नको होतं.

"त्या डब्यात किती व्होल्ट असतात माहीत आहे ना तुला?"

"मलाच विचारतोस?"

"मग एक कबूल कर. दुसरा हात खिशात."

हा त्या धंद्यातला जुना नियम. उघड्या सेटमध्ये एकाच हाताने काम करायचं आणि दुसरा खिशात घालून ठेवायचा. या सेटचा लोखंडी सांगाडा, म्हणजे चॅसी, थेट घरातल्या विजेला जोडलेला असतो. एका हाताने शिरलेला करंट दुसऱ्या हाताने बाहेर पडू पाहतो, आणि त्याची वाट नेमकी छातीतून जाते. इतकी साधी गोष्ट, पण त्यात माणूस जातो.

"माझ्या कुर्त्याला खिसा नाही," वल्लरी म्हणाली. "बायकांच्या कपड्यांना खिसे शिवत नाहीत. आधी त्याच्यावर बोल."

"वल्लू, मी चेष्टा करत नाहीये."

"बरं. पाठीमागे धरीन. झालं?"

आणि ती कृष्णाबाईंकडे निघाली.

२

कृष्णाबाई मूळच्या निपाणीच्या. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीपायी बेंगळुरात आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजूबाजूची सगळी बैठी घरं पाडून अपार्टमेंट उभी राहिली, यांचं तेवढं राहिलं. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून वल्लरीही.

"बघ बाई," अक्का म्हणाल्या, "पुतण्यानं नवा पातळ टीव्ही आणून ठेवलाय. खोकंसुद्धा फोडलं नाही मी. ह्यावर माझी नजर बसलीय. पण हा असा रागावल्यावानी लाल झालाय."

खरंच, पडदाभर नुसता लाल रंग होता आणि त्यावर तिरक्या बारीक रेघा. चित्र नाही की काही नाही.

वल्लरी खूश झाली. असा दोष तिला आवडायचा, कारण त्याला तर्क असतो. ट्यूबच्या मानेत पडद्यावर झोत सोडणाऱ्या तीन गन असतात, लाल, हिरवी आणि निळी. त्यातली लाल बेबंद सुटली होती. कारण दोनच असू शकतात. एकतर त्या गनला आवर घालणारा ट्रान्झिस्टर गेला असेल, नाहीतर ट्यूबच आतून शॉर्ट झाली असेल. ट्रान्झिस्टर असेल तर तिच्या पिशवीत होता. ट्यूब असेल तर मात्र पुतण्याचं खोकं फोडावं लागणार होतं.

टीव्ही मागच्या खोलीत, खिडकीला पाठ करून एका जड टेबलावर होता. तो हलवणं दोघींच्या आवाक्यातलं नव्हतं. मग वल्लरी टेबल आणि खिडकीच्या मधल्या सांदीत शिरून उकिडवी बसली. तिथे एकच माणूस मावेल एवढीच जागा. खिडकीला जुने लोखंडी गज. गच्चीवरच्या अँटेनाच्या खांबाची अर्थिंगची तार त्याच गजांना गुंडाळून खाली जमिनीत उतरवलेली होती. अँटेना केव्हाच गेली होती, तार तशीच होती.

"अक्का, एक आरसा मिळेल? मोठा?"

"आता गं? नटायचंय?"

"मी मागून काम करणार ना. पडदा पुढे. आरसा समोर ठेवला की मला मागूनच पडदा दिसतो."

अक्कांनी कपाटाजवळचा आरसा आणून खुर्चीवर टेकवला. सेटच्या डोक्यावरून वल्लरीला त्यात सगळं दिसू लागलं. लाल पडदा, त्याच्यावर तिचं स्वतःचं डोकं, आणि डोक्यामागे खिडकीचे गज.

तिने मागचं झाकण काढलं आणि सेट चालू केला. मीटरची काळी पिन चॅसीला अडकवली, लाल पिन उजव्या हातात घेतली, आणि डावा हात पाठीमागे. निळ्याच्या वाटेवरचं व्होल्टेज ठीक, हिरव्याच्या वाटेवरचंही ठीक. लालकडे वळताना तिचा तोल गेला म्हणून डाव्या हाताने तिने खिडकीचा गज धरला.

"काय ते गं?"

आवाज म्हाताऱ्या माणसाचा, घोगरा, अगदी जवळून आलेला. सेटच्या स्पीकरमधून येणाऱ्या खरखरीत मिसळलेला.

"लाल गन अडकली आहे!" गज सोडून ती दाराकडे वळत ओरडली. "सांगते थांबा!"

स्वयंपाकघरातून अक्का म्हणाल्या, "कुणाशी बोलायलीस?"

३

तिला राग आला. भीती नाही, रागच. विजेच्या विषयात तिला गूढ बिढ चालत नसे. तिने कारणं शोधायला सुरुवात केली. स्पीकरच्या तारांनी एखादं रेडिओ स्टेशन पकडलं असेल. होतं तसं कधी कधी. पण बेंगळुरात मराठी स्टेशन? मग शेजारी कुणी फोनवर बोलत असेल. सेट-टॉप बॉक्समधून आलं असेल. बॉक्स तर तिने आल्या आल्या काढून ठेवला होता. असो, फोनच.

तिने सेट बंद केला, स्पीकरच्या दोन्ही तारा उपसल्या आणि सेट पुन्हा चालू केला. आता खरखरही नाही. आता नुसता लाल पडदा आणि ट्यूबची बारीक शीळ.

लालच्या वाटेवरचं व्होल्टेज पार बसलेलं होतं. मग शेवटची चाचणी. सेट बंद करून ट्यूबला जाणारी लालची वायर सोडवायची, पुन्हा चालू करून मोजायचं. व्होल्टेज वर चढलं तर दोष ट्यूबमध्ये, बसलेलंच राहिलं तर ट्रान्झिस्टरमध्ये. अक्कांचा टीव्ही या एका आकड्यावर अवलंबून होता.

व्होल्टेज बसलेलंच राहिलं.

"ट्रान्झिस्टर!" ती पुटपुटली. हुश्श करत डाव्या हाताने गज धरून ती अर्धवट उठली, उजव्या हातात अजून पिन होती.

"काय ते गं?"

या वेळी आवाज चढा होता. वर्गात ऐकत नसलेल्या मुलीला दुसऱ्यांदा विचारावं तसा. आणि तो पुढून, स्पीकरच्या जाळीतून आला, जिथे आता एकही तार जोडलेली नव्हती.

तिने दचकून दोन्ही हात छातीशी घेतले.

समोरच्या आरशात लाल पडदा होता आणि त्यावर तिचं डोकं. डोक्यामागे खिडकी. ती खिडकी तिला का खटकली, हे कळायला थोडा वेळ लागला. उजेड एका बाजूनेच येत होता. दुसऱ्या बाजूचे गज दिसतच नव्हते, त्यांच्यासमोर काहीतरी असावं तसे.

तिने मान वळवून पाहिलं. सगळे गज जागच्या जागी होते. बाहेर कढीपत्त्याचं झाड आणि दोरीवर वाळणारं पातळ.

पातळाची सावली पडली असेल, तिने ठरवलं. आरशात पुन्हा पाहायचं मात्र तिने टाळलं.

४

नवा ट्रान्झिस्टर सोल्डरने डागायचा तर सेटची वीज तोडायला हवी होती. तिने भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं. प्लगही काढायला गेली, पण जुना सॉकेट असा सैल, की प्लग ओढला तर अख्खा सॉकेटच भिंतीतून बाहेर यायला लागला. जाऊ दे. बटण बंद आहे ना. तिला घाई होती. ट्रान्झिस्टर बदलला की चित्र येणार, अक्का हसणार, पुतण्याचं खोकं परत जाणार, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं.

आणि तेवढ्यात छतावरचा पंखा मंदावत थांबला.

"करंट गेला बघ," आतून अक्का म्हणाल्या. "ह्या वेळेला जातोयच रोज."

वल्लरीला हसू आलं. आता तर काळजीच मिटली; डागणं करंट आल्यावर, तोवर चॅसी तेवढी सोडवून ठेवायची. बटण बंद आणि सगळ्या गल्लीतच वीज नाही. ट्यूबमध्ये साठलेला करंट तेवढा राहिला होता. तार लावलेला स्क्रू-ड्रायव्हर ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सारून तिने तो चॅसीत उतरवला. चट् असा आवाज आला आणि संपलं. सेट आता काचेची आणि पत्र्याची एक निर्जीव पेटी होती.

घर एकदम शांत झालं. पंखा, फ्रिज, शेजारची पाण्याची मोटर, आपण किती आवाजांत राहतो हे ते थांबल्यावरच कळतं. तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. तिने गजावर हात टेकून पुढे वाकायला सुरुवात केली.

"काय ते गं!"

तो आता प्रश्न नव्हता. कुणीतरी ओरडलं होतं, जीव तोडून, तिच्या कानाच्या मागे.

ती सांदीतून जवळजवळ सरपटत बाहेर आली. अक्का ताकाचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या.

"काय झालं गं? पांढरीफटक पडलीयस."

"अक्का, घरात अजून कोण आहे?"

"मी आणि तू."

"कुणी पुरुष माणूस?"

"आता या वयात?" अक्का हसल्या. मग वल्लरीचा चेहरा पाहून थांबल्या. "कुणी नाही बाळ. ताक पी. उकडायलंय, चक्कर आली असंल. राहू दे ते, उद्या कर."

खरं तर उद्यावर टाकायला हवं होतं. पण विजेशिवाय बोलणाऱ्या टीव्हीला घाबरून पळाली, असं तिचं तिलाच मान्य होईना. तिने ताक एका दमात संपवलं, पेला अक्कांच्या हातात दिला आणि पुन्हा सांदीत शिरली.

"मघापासून कुणीतरी मला विचारतंय," ती म्हणाली. बोलत राहिलं की बरं वाटत होतं. "सारखं एकच. तुमच्या यजमानांचा आवाज टेप वगैरे केला होता का कधी?"

"छे गं. काय विचारतंय?"

"काय ते गं, काय ते गं."

"असं?"

"असं नाही. जरा तोडून." तिने डाव्या हाताने गज धरला आणि बूड टेकलं. चॅसीचा स्क्रू सोडवायला उजवा हात पुढे केला. या लहान स्क्रू-ड्रायव्हरची मूठ फुटलेली होती, म्हणून ती तो पुढच्या लोखंडी दांडीला धरत असे. आवाजाची नक्कल करत ती म्हणाली, "कै... ते... गी. काय ते गं. कै तेगी!"

दाराशी पेला खाली पडला.

"वल्लरी, ते विचारत नाही!" अक्का किंचाळल्या. "कन्नड आहे ते! कै म्हणजे हात! हात काढ म्हणतंय! कै तेगी, हात काढ गं पोरी!"

५

ती विचार करून हलली असती तर उशीर झाला असता. अक्कांच्या किंचाळण्यानेच तिचे दोन्ही हात उडाले. डावा गजावरून, उजवा स्क्रूवरून. स्क्रू-ड्रायव्हर चॅसीत पडला आणि खणखणला.

आणि डोक्यावरचा पंखा फिरू लागला.

आत फ्रिजने गुरगुर केली. शेजारची मोटर सुरू झाली. करंट आला होता.

वल्लरी भिंतीला चिकटून बसली होती. सेटचं बटण बंद. तिने स्वतः बंद केलेलं, तिला इथूनही दिसत होतं. म्हणजे सेटमध्ये वीज नाही. तर्काने नाही. तिने पिशवीतून टेस्टर काढला, डावा हात पाठीशी नेऊन कुर्ता घट्ट मुठीत धरला, आणि टेस्टरचं टोक चॅसीच्या पत्र्याला टेकवलं.

टेस्टरचा दिवा लख्ख पेटला.

ती त्या केशरी ठिपक्याकडे बघत राहिली. हे बटण वीज तोडत नव्हतं, जिवंत तार सोडून भलतीच, परतीची तार तोडत होतं. सेट बंद दिसायचा आणि त्याचा सगळा सांगाडा मात्र जिवंत असायचा. एका हातात तो सांगाडा, दुसऱ्या हातात जमिनीत गेलेला गज. मधे ती.

मग तिने मान वर केली. ठरवून नाही, मान वर झाली. सेटच्या डोक्यावरून समोरचा आरसा दिसला.

आरशात काळा पडदा होता. त्यावर तिचा चेहरा, ओळखू न येण्याइतका लहान झालेला. आणि तिच्या शेजारी, त्या सांदीत, जिथे दुसरं माणूस मावत नाही तिथे, एक खांदा. अर्ध्या बाहीचा फिकट शर्ट. कोपरापासून खाली गेलेला सावळा हात, आणि त्याचा पंजा पँटच्या खिशात खोल घातलेला.

चेहरा आरशाच्या चौकटीबाहेर होता.

तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा सगळे गज दिसत होते.

६

गुरुप्रसाद इलेक्ट्रिशियन गल्लीच्या तोंडाशीच असायचा. त्याने आधी मेन बंद केला, मग बोर्ड उघडला, आत पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"यार्री माडिद्रु इदु?" कुणी केलं हे, असं त्याने अक्कांना विचारलं आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत स्वतःच मान हलवली. गेल्या महिन्यात रंगकाम झालं तेव्हा कुणीतरी बोर्ड काढून परत बसवताना दोन तारांची अदलाबदल केली होती. तो कन्नडमध्ये बराच वेळ बोलला. वल्लरीला सगळं कळलं नाही, पण "टीव्ही" आणि "सत्तु होगतिद्रु" हे कळलं. मेली असती.

तारा सरळ झाल्या. सॉकेट घट्ट बसला. वल्लरीने या वेळी प्लग उपसून हातात घेतला, अक्कांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "हा सोडायचा नाही." मग जाऊन ट्रान्झिस्टर डागला. डाग ओबडधोबड बसला, पण बसला.

सोडवलेल्या तारा आणि सेट-टॉप बॉक्स परत जोडून सेट लावला तेव्हा पडद्यावर आधी अंधार होता, मग राखाडी उजेड, आणि मग कुठल्याशा कन्नड मालिकेतली एक सासू, हिरव्या पातळातली, आपल्या खऱ्या रंगात. अक्कांनी टाळीच वाजवली.

"आली बघ माझी सटवी!"

वल्लरीला हसू फुटलं. फुटलं ते थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. अक्कांनी तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळत बसल्या, थंडीत गारठलेल्या लेकराचा चोळावा तसा. तिला पोटातून हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. खिडकीबाहेर पातळ वाळत होतं. गल्लीत कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. किती छान भांडत होते ते.

मालिका संपल्यावर तिने विचारलं, "अक्का, तुम्हाला ऐकू आलं का? तो आवाज?"

"नाही. तू नक्कल केलीस म्हणून कळलं."

"तुमचे यजमान..."

"आमचे हे? सातारचे ते. सगळा जन्म इथं काढला, पण कन्नडात 'स्वल्प'सुद्धा म्हणायला आलं नाही. भाजीवाल्याशी मीच बोलायची." "ते न्हवंत."

"मग कोण?"

अक्कांनी तिचा हात खाली ठेवला. "मला ठाऊक नाही, बाळ. आणि मला विचारायचंबी नाही."

वल्लरीला विचारायचं होतं. कारण हवं होतं, कुठल्याही गोष्टीला असतं तसं. पण आज पहिल्यांदाच तिला वाटलं, एखादं कारण नाही मिळालं तरी चालेल. मात्र काहीही न बोलता निघून जाणं बरं दिसेना. एवढ्या वेळा ओरडून सांगितल्यावर माणूस आपलं ऐकलं की नाही, हे कळायची वाट बघत असणार.

"कन्नडमध्ये 'काढला' कसं म्हणायचं?"

"तेगदे."

वल्लरी उठली. टीव्ही बंद केला, प्लग काढला. काळ्या पडद्यासमोर उभी राहिली. आपण अगदी बावळट दिसत असणार याची तिला कल्पना होती. अभिजीतला तर हे ती कधीच सांगणार नव्हती. तिने घसा साफ केला.

"सरी, अण्णा," ती म्हणाली, म्हणजे बरं, दादा. "कै तेगदे."

दोघी कान देऊन थांबल्या. पंखा फिरत होता. कढीपत्त्यावर चिमण्या कलकलत होत्या. टीव्हीतून कसलाही आवाज आला नाही.

"नाही ना काही?" वल्लरी कुजबुजली.

"नाही."

आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून जळक्या दुधाचा वास आला. "अग्गो, दूध!" म्हणत अक्का धावल्या, आणि त्यांच्यामागे, दोन्ही हातांनी दुपट्टा सावरत, वल्लरी.